पागोट्याचं दुसरं टोक

दर रविवारी सकाळी आमच्या गल्लीतली वाहतूक एका पागोट्यामुळे थांबते.

पागोट्याचं एक टोक आमच्या फाटकाच्या कडीला गाठ मारून बांधलेलं असतं. दुसरं टोक असतं समोरच्या घरातल्या पोवार आप्पांच्या डोक्यावर. आणि मधे, गल्लीच्या या काठापासून त्या काठापर्यंत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ताणलेलं लालसर कापड. पागोटं डोक्याभोवती फिरवायचं की डोकं पागोट्यात फिरवायचं, यात आप्पा दुसऱ्या मताचे. त्यामुळे ते आपल्या पायरीवरून निघतात आणि अर्धवट डोळे मिटून, स्वतःभोवती सावकाश गिरक्या घेत आमच्या फाटकाच्या दिशेने येत राहतात. गल्ली ओलांडून होईपर्यंत सगळं कापड डोक्यावर चढलेलं असतं. तोवर दूधवाला थांबतो, पेपरवाला थांबतो, क्लासला निघालेल्या मुली सायकलवर एक पाय टेकून बघत राहतात. एखादा परगावचा माणूस न कळून हॉर्न वाजवतो.

"ओ पावणं," आप्पा गिरकी न थांबवता ओरडतात, "हॉर्न नगासा वाजवू. हितं अठरावं शतक चालू हाय!"

मग ते आमच्या कडीची गाठ सोडतात, शेवटचं टोक खोचतात, हाताने वाट मोकळी झाल्याची खूण करतात आणि एकविसावं शतक पुन्हा सुरू होतं.

माझ्या बाबांनी एकदा फाटकाच्या आत अडकून पडल्यावर त्यांना सुचवलं होतं, "आप्पा, मी धरू का टोक? कडीला कशाला बांधता?"

"नगो," आप्पा म्हणाले. "माणूस ढील सोडतो. कडीचं बरं असतंय. ती बोलत न्हाय, मोबाईल बघत न्हाय, आन तिचं गॅसवर दूध नसतंय."

बाबांनी कडीकडे एकदा बघितलं. ते पुन्हा आत येऊन पेपर वाचत बसले.

आप्पा सगळा जन्म एका फाउंड्रीत तपासनीस होते. भट्टीतून निघालेला प्रत्येक ओतीव भाग त्यांच्या टेबलावर यायचा. ते तो उलटा-सुलटा करायचे, व्हर्नियर लावून माप घ्यायचे, हातोडीने वाजवून कानाजवळ न्यायचे आणि पसंत नसेल तर लाल खडूने फुली मारून म्हणायचे, "रिजेक्ट." फुली पडलेला माल परत भट्टीत. पसंत पडलेल्या मालाबद्दल मात्र ते काहीच बोलत नसत. बरोबर असलेल्या वस्तूला बरोबर काय म्हणायचं, असं त्यांचं मत. निवृत्त झाले तेव्हा फाउंड्रीने त्यांना घड्याळ दिलं, आणि लाल खडू त्यांनी स्वतःहून खिशात घालून आणला. तो अजून खिशात असतो. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या पडवळावरही मी लाल फुली पाहिलेली आहे.

नोकरीत असल्यापासून त्यांना एकच नाद. अठराव्या शतकातला मराठा शिपाई व्हायचं. पोशाखासकट, हत्यारासकट, पायताणासकट. शिपाई हा शब्द महत्त्वाचा. मिरवणुकीत सगळ्यांना राजा नाहीतर सरदार व्हायचं असतं, याचा आप्पांना मनापासून राग.

"समदी सरदार," ते म्हणतात. "मग लढलं कोन?"

"आप्पा, तुम्ही महाराजांच्या काळातले ना?" कुणीतरी विचारतंच.

"न्हाय. त्येच्या लई मागनं आलेला."

"मग कुठल्या लढाईतले?"

"कुठल्याच न्हाय. मी कूच करतोय. लढाई एक दिवस असती की. बाकीचं वर्सभर शिपाई चालतोय, भाकरी भाजतोय आन पागोटं बांधतोय."

म्हणून रविवारी पागोटं चढलं की आप्पा ढाल पाठीला लावून, भाला खांद्यावर टाकून रंकाळा तलावाला एक फेरी मारून येतात. फिरायला आलेली मंडळी त्यांच्यासोबत फोटो काढायला धावतात. आप्पा नाही म्हणत नाहीत, पण हसतही नाहीत. शिपाई दमलेला असतो, असं त्यांचं म्हणणं.

पूर्वी ही पागोट्याची भानगड त्यांच्या घरात, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंतच्या बोळकांडीत चालायची. शालनकाकू, म्हणजे आप्पांची बायको, तेव्हा होत्या. आम्हाला दिसायचं काहीच नाही, फक्त ऐकू यायचं. "आवळ!" "आवळलंय की!" "ढील सोडतीयास!" "तुमीच लटपटतायसा!" असं बराच वेळ चालायचं. मग एकदम शांतता. मग टप टप असा आवाज आणि काकूंचा खणखणीत शब्द, "पास!" लहानपणी मला वाटायचं, समोरच्या घरात दर रविवारी कुणीतरी परीक्षेला बसतं.

काकू गेल्या आणि पागोटं रस्त्यावर आलं.

या सगळ्यात मी कशी ओढली गेले, तर इंग्रजीमुळे. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम करते. दिवसभर स्क्रीनकडे बघायचं आणि कुणाशी फारसं बोलावं लागत नाही, हे मला त्या नोकरीत सगळ्यात आवडतं. एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले तर आप्पा फाटकात उभे. हातात मोबाईल, मोबाईलवर कुठल्याशा परदेशी संग्रहालयातलं चित्र, आणि त्याखाली बारीक अक्षरांत इंग्रजी मजकूर.

"केतके, तू इंग्लिश मीडियमची. हे काय लिवलंय वाच बगू."

मी वाचलं. कुणा साहेबाने आपल्याकडच्या पायदळातल्या शिपायाचं चित्र काढलं होतं. अंगरखा गुडघ्यापर्यंत, बंद छातीशी बांधलेले, कमरेला शेला, पायांत वहाणा.

"बंद कुठल्या बाजूला हायत?"

"चित्रात दिसतायत की आप्पा."

"चित्रात दिसतंय ते चित्रकाराचं. लिवलंय काय ते सांग."

त्या दिवसापासून माझी नेमणूक झाली. इंग्रजीत जे काही असेल ते शोधायचं, वाचायचं आणि आप्पांना मराठीत सांगायचं. मला वाटलं होतं, आठ दिवसांत कंटाळा येईल. पण कारखान्यातून परतताना बसमध्ये मीच मोबाईलवर ढालींची चित्रं मोठी करून बघायला लागले. ढालीवर ठोकलेल्या चार पितळी फुलांमागे आतून कड्या असतात आणि त्या कड्यांत हाताची मूठ बसते, हे कळलं त्या दिवशी माझा स्टॉप चुकला.

सगळ्यात मोठं संकट मिरचीचं होतं. आप्पांचं पथक एव्हाना तयार झालं होतं. गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान असलेला इरफान, गॅरेजवाला सचिन आणि शाळेत पीटी शिकवणारे पाटील सर. पोटाचा घेर सोडला तर पाटील सर हुबेहूब शिपाई दिसतात. एके दिवशी आप्पांच्या मनात आलं, अठराव्या शतकात आपल्याकडे मिरची होती का? कारण नसेल, तर छावणीत ठेचा चालणार नाही.

"मिरची नसंल तर मी लष्कर सोडतोय," पाटील सरांनी जाहीर केलं.

मी वाचत सुटले. पोर्तुगीजांनी आणलेली मिरची तोवर दख्खनमध्ये कधीच रुजली होती. मी जिन्यावरूनच ओरडून सांगितलं, आणि मी कुठून काही ओरडून सांगण्याची ती पहिलीच वेळ असावी, कारण आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली. पाटील सरांनी सगळ्यांना भडंग खिलवलं. टोमॅटो मात्र रिजेक्ट झाला. चहाही. आप्पा चहा पोशाख चढवण्याआधी पितात, भरपूर पितात, आणि मग थेट पोशाख उतरवल्यावर.

इरफानचे हाल तर बघवत नव्हते. अंगरखे शिवायचे, पण शिलाई मशीन बंद.

"आप्पा, माझ्या आज्यानंबी मशीनवरच शिवलंय," इरफान म्हणाला. "हातानं काय शिवू, गोधडी?"

"आज्याचा आज्जा काय करत हुता? त्येच्यागत शीव."

बिचाऱ्याने शिवलं. आप्पांनी अंगरखा उजेडात धरला, शिलाईला व्हर्नियर लावलं, आणि लाल फुली मारली. "टाकं एकसारखं आल्यात. रिजेक्ट. मान्साचा हात जरा तरी हलतोय."

इरफानने दुसऱ्यांदा शिवला. आप्पांनी पुन्हा बघितलं. "हे मुद्दाम हलवलंयस. कळतंय. रिजेक्ट."

"आता मी अठराव्या शतकात जाऊन मरू काय?" इरफान सुई टाकून उठला. पण दुसऱ्या दिवशी चहाची वेळ झाली तरी तो दुकानात मान खाली घालून शिवतच होता. मी बाहेरून बघत होते. त्याला स्वतःलाच गोडी लागली होती. तिसरा अंगरखा बघून आप्पा काही बोलले नाहीत, घडी घालून घरी घेऊन गेले. इरफानने दुकानातल्या दुकानात दोन्ही मुठी वर करून नाच केला.

सचिनचं पायताण चामड्याच्या वादीने शिवलेलं, एकही खिळा नसलेलं, पण कोरं करकरीत. कोरं पायताण म्हणजे शिपाई कालच भरती झालाय, आप्पा म्हणाले. "तुजी सासुरवाडी शिरोळला न्हवं? जा, काळ्या रानात दोन दिवस चालून ये." सचिन गेला. मातीने माखलेल्या पायताणात जावई उसाच्या बांधावरून पाय घासत फिरतोय हे बघून सासऱ्याने त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, गॅरेज बंद पडलं काय?

आणि पाटील सरांनी चोळण्याला, म्हणजे त्या गुडघ्यापर्यंतच्या ढगळ विजारीला, नाडीऐवजी इलॅस्टिक लावलं होतं. आतून, कुणाला दिसू नये असं. तालमीच्या वेळी ते खाली वाकले आणि इलॅस्टिक पोटावर सटकन वाजलं.

आप्पांचे कान भट्टीत तयार झालेले. "काय वाजलं?"

"काय न्हाय आप्पा."

"नाडी वाजत न्हाय, सर." आणि सरांच्या पोटावर लाल फुली.

अशात पन्हाळ्याजवळच्या पठारावर छावणी लागणार अशी बातमी आली. पुण्याची काही मंडळी दिवसभराची अठराव्या शतकातली लष्करी छावणी उभारणार होती, गावोगावच्या पथकांना बोलावलं होतं. नियम एकच. आत शिरताना प्रत्येकाची झडती. सगळं त्या काळातलं असेल तर दोराच्या आत, शिपायांच्या रांगेत. नसेल तर दोराच्या बाहेर, बघ्यांत.

आप्पांनी हे माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, तेही मराठीत असून. मग पायरीवर बसून राहिले.

"जल्मभर दुसऱ्याचा माल तपासला," ते म्हणाले. "आता माजी तपासणी."

ते घाबरले होते. पोवार आप्पांना घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. नोकरीत असताना त्यांनी कुणाच्या पथकात जाण्यासाठी रजा काढली नाही, नंतर काकूंचं आजारपण निघालं. इतक्या वर्षांत आप्पा खऱ्याखुऱ्या रांगेत एकदाही उभे राहिले नव्हते. रंकाळ्याभोवती एकटेच कूच करत होते.

"केतके, तूबी यायचंस."

"मी? शिपाई म्हणून?"

"शिपाई न्हाय. बुणगा."

आई दारातच होती. "आमची पोरगी बुणगा?"

"वैनी, बुणगं म्हंजे शिवी न्हवं," आप्पा समजावू लागले. "लष्कराच्या मागनं सामान वाहनारी, भाकऱ्या थापनारी, चारा आननारी मान्सं. शिपायापरास जास्त असायची. ती न्हाईत तर लष्कर उपाशी. आन हिला बोलावं लागत न्हाय कुनाशी. बुणग्याला कोन बोलतंय?"

या शेवटच्या मुद्द्यावर मी तयार झाले. आईने ट्रंकेतून आजीचं इरकली लुगडं काढलं. आप्पांनी पदर चिमटीत धरून चोळला, उजेडाकडे नेला, आणि काही न बोलता परत दिला. आई घाबरून माझ्याकडे बघू लागली. "पसंत आहे," मी सांगितलं.

पठारावर पोचलो तेव्हा तंबू लागले होते. खरे, जाड कापडाचे, काथ्याच्या दोऱ्यांचे. कुठे चुली पेटलेल्या, कुठे कुणी भाला घासतोय. एकाही माणसाच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे सगळी छावणी एकमेकांकडे डोळे बारीक करून बघत होती आणि त्यामुळे अधिकच शूर दिसत होती.

झडती घेणारा तरुण मुलगा होता, बोलायला अगदी नम्र. त्याने इरफानच्या अंगरख्याची शिवण उलटून पाहिली आणि म्हणाला, "वा! हातशिलाई अशी असावी." इरफानने आप्पांकडे असं काही बघितलं की बस. सचिनचं पायताण पास. पाटील सरांच्या चोळण्याची नाडी ओढून बघितली गेली. सर श्वास रोखून उभे होते, पास. आप्पांची ढाल, शेला, भाल्याची काठी, कमरेची चामड्याची पिशवी, सगळं बघून तो मुलगा नुसता मान डोलवत राहिला.

"छान काका. आता सगळ्यांनी पागोटी सोडा आणि इथंच बांधा. शिवून आणलेली नकोत, एवढंच बघायचंय."

इरफानने सचिनचं टोक धरलं, सचिनने इरफानचं. पाटील सरांचं दोघांनी मिळून. आप्पांनी आपलं पागोटं सोडलं, आणि ते इकडे तिकडे बघू लागले.

ते काय शोधताहेत ते मला कळलं. आप्पा कडी शोधत होते.

इतक्या तयारीत हे एक राहिलं होतं. पठार होतं. गवत होतं, वारा होता, आकाश होतं. फाटक नव्हतं. झाडसुद्धा दूर. आप्पा एका तंबूच्या खांबाकडे वळले, तर तंबूवाले ओरडले, "काका, तंबू येईल खाली!"

"आप्पा, आना, मी धरतोय," इरफान म्हणाला.

"नगो. ढील सोडशील."

आणि मग आप्पांना घोडा दिसला. पर्यटकांना या पठारावर कड्याच्या पॉइंटपर्यंत फिरवणाऱ्या एका माणसाचा घोडा छावणीसाठी भाड्याने आणला होता. तो दोराजवळ उभ्या उभ्या पेंगत होता. आप्पांनी पागोट्याचं टोक त्याच्या खोगिराच्या कडीला बांधलं. कडी शेवटी कडी होती. मागे सरकत ते पुरेसे लांब गेले, कापड ताणलं, डोळे मिटले आणि स्वतःला म्हणाले, "हां."

घोड्याने आयुष्यभर ऐकलेला हुकूम तोच होता. हां म्हटलं की चालायचं. तो चालू लागला.

आप्पांनी एक गिरकी उजवीकडे घेतली होती, ती घोड्याने डावीकडे सोडवली. मग पागोटं आप्पांच्या हातातून सुटलं आणि लाल नदीसारखं गवतावरून निघालं. मागे ढाल, भाला आणि बोडकं डोकं सावरत आप्पा. त्यांच्यामागे पाटील सर, त्यांच्यामागे सचिन, आणि सगळ्यात मागे पळणारा घोडेवाला.

"थांबनार न्हाय त्यो!" घोडेवाला ओरडत होता. "त्यो पॉइंटपतोर जाऊनच येतोय! तितं फोटोला थांबतोय!"

तसंच झालं. घोडा कड्याशी जाऊन दरीकडे तोंड करून उभा राहिला. फोटो काढायला लागतो तेवढा वेळ थांबला, आणि आपापला परत आला. सगळी छावणी हसत होती. मीही हसत होते, पदर तोंडात कोंबून. मग मी आप्पांचा चेहरा पाहिला आणि पदर काढला.

पागोट्याला गवत, माती आणि घोड्याने दिलेलं बाकी सगळं लागलं होतं. आप्पा ते झटकत होते. झटकून होत आलं तरी झटकतच होते. रांगा लागायला लागल्या होत्या. झडतीवाला मुलगा जवळ आला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"काका, राहू द्या. तुम्ही दोराच्या बाहेर सावलीत बसा. मी खुर्ची आणतो."

त्याने खुर्ची आणली. पांढरी, प्लास्टिकची.

आप्पांनी खुर्चीकडे बघितलं. मला वाटलं आता खडू निघणार. पण अंगरख्याला खिसा नव्हता, आणि खडू घरी राहिला होता. "आप्पा, घोड्यापरास कमी ढील सोडंन की मी," इरफान अगदी काकुळतीने म्हणाला. आप्पांनी मान हलवली. पागोटं छातीशी गोळा केलं आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

मी कुणाला काही विचारलं नाही. त्या गोळ्यातून लोंबणारं टोक उचललं आणि चालायला लागले.

"केतके?"

मी चालत राहिले. कापड उलगडत गेलं. ते ताणलं गेलं तेव्हा मी वळले, टोक मनगटाला दोन वेढे देऊन पाय रोवले आणि म्हटलं, "मी धरतो." आमच्याकडे बायकाही 'करतो, जातो' असंच बोलतात. शाळेने माझी ती सवय मोडली होती, किंवा मला तसं वाटत होतं.

आप्पा जागचे हलले नाहीत. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. इतक्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि मला पळून जायचं होतं, पण हातात टोक होतं.

"आवळ," आप्पा डोळे मिटून म्हणाले. एवढ्या हळू की मला नीट ऐकूही आलं नाही. पण मला पुढचं माहीत होतं. मी लहानपणी ते दर रविवारी ऐकलं होतं.

"आवळलंय की!" मी ओरडले.

आप्पांचे डोळे उघडले. पागोट्याच्या त्या टोकाकडून त्यांनी माझ्याकडे, आजीच्या लुगड्यातल्या माझ्याकडे, बघितलं.

"ढील सोडतीयास," ते म्हणाले. आवाज जरा चढला होता.

"तुमीच लटपटतायसा!"

पाटील सर फिस्सकन हसले. आप्पांनी डोळे मिटले, आणि पहिली गिरकी घेतली. मग दुसरी. कापड माझ्या मनगटाला ओढत होतं आणि मी मागे रेलून उभी होते. अख्ख्या छावणीत त्या क्षणी मला दुसरं काही काम नव्हतं. आप्पा जवळ येत गेले, लाल रंग डोक्यावर चढत गेला, आणि ते माझ्यासमोर येऊन थांबले. मी टोक सोडवून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते खोचलं.

पण ते हलले नाहीत. मान खाली घालून, डोळे मिटूनच उभे राहिले.

झडतीवाला मुलगा मला खुणेने विचारत होता, आता काय? इरफान दोन्ही हात पसरून उभा. मी आप्पांच्या पागोट्यावर दोनदा थोपटलं. टप टप.

"पास," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोल की."

"पास!"

"हो, हो, पास आहे काका," तो मुलगा घाईघाईने म्हणाला.

"तुला कुनी इचारलं रं?" आप्पा म्हणाले आणि भाला उचलून रांगेत गेले. दिवसभर ते अठराव्या शतकातले एक दमलेले शिपाई होते. कुणीही त्यांचं नाव विचारलं नाही, आणि ते एवढे खूश मी कधी पाहिले नाहीत. माझ्या भाकऱ्या करपल्या. त्यांनी त्या न बोलता खाल्ल्या.

परतताना सचिनच्या जीपमध्ये मागे पाटील सर घोड्याची नक्कल करून दाखवत होते, इरफान हसून हसून आडवा झाला होता. आप्पा माझ्या शेजारी, पागोटं मांडीवर घेऊन बसले होते. बोटांनी त्यातलं कुसळ कुसळ वेचून काढत होते.

"कडी ताण झ्याक देतीया," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पर उलटून बोलत न्हाय."

पुढच्या रविवारी सकाळी फाटक वाजलं. आई म्हणाली, "जा, तुझं लष्कर आलंय." आप्पा बाहेर उभे होते, पागोट्याचं टोक हातात. ते आमच्या कडीकडे निरखून बघत होते. खाली वाकून, बोटाने वाजवून, कान जवळ नेऊन. मग त्यांनी शेल्याच्या घडीतून लाल खडू काढला आणि कडीवर फुली मारली.

"गंजलीया," ते म्हणाले. "रिजेक्ट."

बाबांनी ती कडी दिवाळीतच रंगवली होती. आप्पांनी टोक माझ्यासमोर धरलं आणि मी ते घेतलं. दूधवाला गाडी बंद करून थांबला.

ती फुली अजून आहे. आई फाटक पुसते तेव्हा तेवढी जागा सोडून पुसते.